न फाटलेला अंगरखा

झीव महिना, चौथा दिवस

माझा नवरा अझूर गेल्यापासून त्याची खापरांची टोपली तीन वर्षं कोनाड्यात पडून होती. आज खाली काढली. वेशीतला लेखनिक म्हणून त्याने जन्मभर लोकांची नावं लिहिली, आणि हिवाळ्यात हाताला काम नसलं की मला अक्षरं शिकवली. "तुला लिहिता येतं हे बाहेर बोलू नकोस," म्हणायचा, "लोक माझ्याकडे यायचे थांबतील." काजळीची शाई घोटली, बोरू तासला. खापर जेवढं असेल तेवढंच लिहायचं, ही त्याचीच रीत.

लिहायला बसले, कारण डोक्यात नावं दाटून आलीत. जवाची कापणी झाली तशी आमच्या बेथ-अलोनची तेवीस माणसं राजाच्या सेनापतीकडे लढायला गेली. आज दुपारी राजाचा एक जासूद खेचरावरून आला, विहिरीवर पाणी प्यायला थांबला तेवढाच. म्हणाला, डोंगरातल्या गावांची तुकडी ओढ्याच्या घळीत कोंडली गेली, तिथून कोणी वर आलेलं त्याने पाहिलं नाही. आम्ही नावं विचारली. त्याने मान हलवली आणि खेचराला टाच मारली.

गावात कोणी गेलं की विलापाचा पहिला सूर माझा. बाकीच्या बायका मागून उचलतात. पण सगळ्या गावावर दुःख कोसळलं तर आधी थोरल्यांनी वेशीत उभं राहून अंगरखा फाडायचा, डोक्यावर माती घ्यायची, आणि मग आम्ही तोंड उघडायचं. आमचे थोरले म्हणजे एल्यादा. त्याचा एकुलता एक शम्मा त्या तेविसांतच आहे. तो वेशीतल्या दगडी ओट्यावर होता तसाच बसून राहिला. म्हणाला, "एका वाटसरूच्या शब्दावर मी गावाला रडायला लावणार नाही."

मला ते पटलं. आशा कोणाला नको असते?

पाचवा दिवस

चुली पेटल्या नाहीत. रडणंही नाही. गावात कुत्र्यांचाच काय तो आवाज.

सातवा दिवस

सिब्या आत्याची फार आठवण येते. तिनेच मला या कामात ओढलं. मी चौदा वर्षांची असेन. द्राक्षांच्या कुंडात आम्ही पोरंपोरी रस तुडवत होतो. एल्यादा त्या वेळी ताडमाड, नुसती हाडं. तो वरच्या काठावरून हाळी द्यायचा आणि आम्ही खालून उत्तर द्यायचं. एकदा त्याच्या हाळीला माझं एकटीचंच उत्तर गेलं. बाकीच्या पोरी पाय घसरून पडल्या म्हणून हसत होत्या. सिब्या आत्या टोपली घेऊन चालली होती. ती थांबली, माझ्या जांभळ्या पायांकडे बघत म्हणाली, "हा गळा लग्नाच्या गाण्यांत वाया जाईल. उद्यापासून माझ्याकडे ये."

पुढच्या बूल महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, तेव्हाचे थोरले वारले. काय विलाप झाला तो! समोरच्या टेकडीवरच्या गावातून बायकांनी उत्तर दिलं होतं. आम्ही "हाय" म्हटलं की पलीकडून "हाय" यायचं, दरीतून, ऑलिव्हच्या झाडांवरून. पुरुष लेकरांसारखे रडत होते, आणि रडून झाल्यावर जुनी भांडणं असलेली माणसं एका थाळीत जेवली. आता समोरचं गाव ओस आहे. कोणी उत्तर देणारं नाही.

एल्यादाच्या तेव्हाच्या आवाजात एक किंचित चीर होती, वरच्या सुराला. अजूनही आहे, पण तो आता हाळी देत नाही. हे सगळं आता कशाला लिहायचं. खापर मोठं मिळालं म्हणून लिहिलं.

आठवा दिवस

आज सकाळी एल्यादा स्वतः दारात आला. गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता. सुक्या अंजिरांची ढेप मागितली, जखमेवर लेप घालायला. गाढवाचा पाय कापलाय म्हणाला. मी दिली. जाताना विचारलं, काही कळलं का? तो म्हणाला, "थांब अजून." डोळे खोल गेलेत. पोराच्या काळजीने माणूस असा होतो.

नंतर विहिरीवर बघते तर त्याचं गाढव दोन घडे घेऊन टुणटुणीत उभं. लेप लवकर लागू पडला म्हणायचा.

दहावा दिवस

आज पुआ आली. विलापात माझ्या डाव्या हाताला ती उभी राहते, वीस वर्षं झाली. तिचे दोघे गेलेत, ओझ्नी आणि बेकेर. घरात दुसरा पुरुष नाही. आली ती बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "हग्ला, मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या मेलेल्यांवर रडले. आता माझी पोरं गेली तर मला थांब म्हणतात. मी आई आहे की ओट्यावरची पंच?"

मी तिला पाणी दिलं.

तिच्या मागून गेरा आला. पंचांमधला सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत तोंडाळ. सेनापतीचं बोलावणं आलं तेव्हा पोरं पाठवू नका म्हणून भर वेशीत ओरडणारा हा एकटाच होता; एल्यादाने त्याला खाली बसवलं. गेराचा नातू इथ्रान तरीही गेला. गेराचं म्हणणं, गहू पिवळा झालाय. शोकाचे सात दिवस झाल्याशिवाय कोणी विळा हातात धरणार नाही, आणि शोक सुरूच होत नाही. आणखी आठवडा गेला तर दाणा जमिनीवर गळेल, मग मेलेल्यांच्या मागे जिवंतही जातील. "थोरला फाडत नसेल तर थोरला बदलू," म्हणाला. "उद्या तूच सूर लाव. बाकी आम्ही बघतो."

आजवर रीत मोडून कधी सूर लावलेला नाही. त्यांना म्हटलं, एक दिवस द्या, मी एल्यादाशी बोलते. हे असं का म्हटलं कोण जाणे. तो माझं ऐकेल असं मला का वाटलं?

अकरावा दिवस

हे फुटक्या रांजणाच्या कुशीचं खापर आहे, सगळ्यांत मोठं. आज लागेल.

दुपारी ऊन कलल्यावर एल्यादाच्या घरी गेले. त्याची बायको जाऊन सात वर्षं झाली, घरात दोघंच बापलेक. अंगणात दोरीवर पट्ट्या वाळत होत्या, कडेला अंजिराच्या लेपाचा डाग. मी त्या पट्ट्यांकडे बघत उभी राहिले. मग माडीवरून कोणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखते. शम्माला लहानपणी दर हिवाळ्यात व्हायचा, त्याची आई त्याला माझ्याकडे आणायची, मी छातीला तेल चोळायचे.

एल्यादा दारात आला. तो म्हणाला, "आत ये हग्ले. दार लोटून घे."

शम्मा भिंतीला टेकून बसला होता, पोटरी बांधलेली. पाच दिवसांपूर्वी मागच्या उताराने, मळ्यांच्या बांधाबांधाने आलाय. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला आधी आनंद झाला. खोटं कशाला लिहू? आधी आनंद झाला. मग पुआचा चेहरा आठवला.

"बोल," एल्यादा म्हणाला. "मी अंगरखा का फाडत नाही हे विचारायला आलीस ना?"

"आता काय विचारू?"

"वेशीत उभं राहून पोरं पाठवा कोण म्हणालं? मी. राजाचा शब्द मोडला तर गाव जळेल, अशी भीती कोणी घातली? मीच. एकवीस घरं रिकामी झाली आणि माझं भरलेलं राहिलं. आता मी कापड फाडलं तर लोक विचारतील, थोरले, तुमचं कोण गेलं? मी काय सांगू? आणि हा आला म्हणून उघड हसलो तर? रडण्याचा हक्क नाही, हसण्याचाही नाही. म्हणून गप्प बसलो."

इतकं सलग बोलताना मी त्याला तरुणपणानंतर पहिल्यांदाच ऐकलं. मी त्याला सिब्या आत्याचंच सांगितलं. ती म्हणायची, थोरल्याचा अंगरखा त्याच्या मालकीचा नसतो. तो गावाचा, थोरला नुसता अंगावर वागवतो.

"फाडलास तर कदाचित दगड बसतील," मी म्हटलं. "नाही फाडलास तर ती पोरं गेलीच नाहीत असं होईल. तेवढं नको करूस त्यांना."

शम्माच बोलला. "मी येतो वेशीत, मावशी. कोण कुठे पडलं ते सगळं मला माहीत आहे. मी वरून पाहिलं."

"वरून?"

"मी पळालो होतो," तो म्हणाला. "कड्यावर चढलो. तिथून दिसत होतं."

त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. त्याच क्षणी त्याचं डोकं कुशीत घ्यावं असंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. पट्टी सैल झाली होती, ती घट्ट बांधून दिली आणि घरी आले.

बारावा दिवस



सकाळी सगळं गाव वेशीत होतं. गेराने लोक बोलावले होते, नवा थोरला निवडायला. एल्यादा उताराने खाली आला. हातात थोरलेपणाची काठी नव्हती. मागे शम्मा लंगडत. आधी कोणाला कळलंच नाही, मग एक बाई किंचाळली, भूत पाहिल्यासारखी. वाट आपोआप मोकळी झाली.

गेराने विचारलं, "तू कसा रे जिवंत?"

"पळून आलो, आजोबा," शम्मा म्हणाला. फार हळू बोलला, पण ऐकायला न येण्याइतकं हळू नाही.

वेशीच्या भिंतीचे निखळलेले धोंडे तिथेच पायाशी पडलेले असतात. गेरा वाकला. त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं वाकले.

तेवढ्यात पुआ पुढे गेली. शम्माच्या इतकी जवळ की दगड मारला तर तिलाच लागला असता. तिला हे कळलं होतं की नाही, देव जाणे. तिने विचारलं, "माझे दोघे एकत्र होते का?"

"एकत्र होते, काकू. बेकेरला आधी बाण लागला. ओझ्नीने त्याला पाठीवर घेतलं. मग तोही."

"सोडलं नाही ना त्याला?"

"नाही सोडलं."

पुआने मान हलवली, एखादा निरोप पोचल्यासारखी.

मग एल्यादाने गळ्याशी दोन्ही हात घातले. अंगरखा जाड विणीचा, त्याच्या बायकोने विणलेला. एका हिसक्यात फाटेना. तीनदा ओढावं लागलं. कोणी हसलं नाही. फाटल्याचा आवाज भिंतीवर आदळून परत आला. त्याने खाली बसून मूठभर माती डोक्यावर घेतली.

"आता?" गेरा ओरडला. "पोरगं घरात लपवून, पोट भरून झाल्यावर?" त्याचा हात वर गेला. मुठीत धोंडा होता.

आणि मी सूर लावला. काय लावावं हे ठरवलेलं नव्हतं. रीत अशी की सगळ्यांत वडील माणसाचं नाव आधी. पण माझी नजर गेराच्या त्या हातावर होती आणि तोंडातून इथ्रानचं नाव निघून गेलं:

*इथ्रान रे, भिंतीवरून उड्या मारणाऱ्या,*
*आजोबा खालून ओरडतोय, उतर म्हणून,*
*उतर आता, कोणी रागावणार नाही.*

पुआने "हाय" म्हणून उचललं. मग सगळ्या बायकांनी. गेराचा हात तसाच वर राहिला, आणि मग बोटं उघडली. धोंडा त्याच्याच पायावर पडला असावा, कारण तो विव्हळला, आणि ते विव्हळणं थांबेना. तो मातीत बसला. बाकीच्यांनीही हातातलं टाकलं.

मग बावीस नावं. शम्मा एकेक सांगायचा, कोण कुठे पडला, शेवटचं काय बोलला. मी ओळ जुळवायचे, बायका उचलायच्या. माझ्या डोळ्यांसमोर ती पोरं घळीत पडलेली येतच नव्हती. विहिरीच्या कठड्यावर नागडी बसलेली, शेंबडी, अंजिरं चोरून पळणारी, तशीच यायची. भिंतीची सावली विहिरीपर्यंत पोचली तेव्हा थांबलो. एकदा मला समोरच्या टेकडीवरून उत्तर आल्यासारखं वाटलं. वारा असेल.

तेरावा दिवस

मन खातंय. नावांचा क्रम चुकला. सगळ्यांत धाकट्या इथ्रानपासून सुरुवात केली. सिब्या आत्या असती तर कान उपटला असता. गेरा रागावला असेल म्हणून त्याच्याकडे बघायचं टाळते.

पंधरावा दिवस

रीत अशी की ज्या घरी मढं, त्या घरी चूल नाही. शेजारी जेवण पोचवतात. पण आता पोचवणार कोण? गावात एल्यादाचं एकच घर सोडलं तर सगळीकडे सुतक. बाराव्या दिवशी संध्याकाळी मी त्याला आपलं सहज म्हटलं, मग आता तुम्ही दोघंच चूल पेटवा. मला वाटलं दोन-चार घरांना देतील.

बापलेक तीन दिवस पहाटेपासून मसूर शिजवतायत. गोणपाट नेसून, राख फासून, एकवीस घरी भाकरी आणि डाळ पोचवतात. शम्मा लंगडत दारापुढे वाडगा ठेवतो आणि कोणी उचलेपर्यंत उभा राहतो. पहिल्या दिवशी निम्म्या दारांनी वाडगा बाहेरच ठेवला. काल सहा. आज फक्त गेराचा.

पुआ पहिल्या दिवसापासून जेवते. म्हणाली, "थोरल्यांची डाळ रोज करपते. गाव चालवणं बरं जमत होतं त्यांना." मग शम्माला खाली बसवलं आणि पुन्हा सांग म्हणाली, ओझ्नीने कसं उचललं ते. तो रोज सांगतो. ती रोज जेवते.

सतरावा दिवस

एल्यादा ओट्यावर बसत नाही. वेशीबाहेर जमिनीवर बसतो. आज पंचांनी त्याला वर बोलावलं. तो म्हणाला, ती जागा माझी नाही आता. गेराला बसवायला निघाले तर गेराही बसेना. म्हणाला, मी दगड उचलला होता.

ओटा रिकामा आहे. बरं दिसत नाही.

मी येता-जाता दिसले की पंच काहीबाही विचारतात. शेवटच्या दिवशी बकरं कापायचं की नाही, ओस गावच्या विहिरीचा दोर कोणी न्यायचा, दोन भावांचा बांधाचा वाद. मी सुचेल ते सांगते. बिचाऱ्यांना विचारायला कोणी उरलं नाही.

एल्यादाचा वाडगा आज गेराने उचलला. तो माझ्या घरी येऊन हे सांगून गेला, एल्यादा म्हणतेय मी. दारातच उभा होता. डोक्यात राख, हातावर भाजल्याचे डाग. म्हणाला, "त्या दिवशी तू सूर लावलास ना, मला कुंडाचा काठ आठवला." आणि गेला. दिवसभर त्याचाच विचार करत राहिले. म्हातारपणी माणसाला जुनं आठवतं, त्यात विशेष काही नाही.

अठरावा दिवस

सात दिवस पुरे झाले. राख धुतली. केस विंचरले, फार पांढरे झालेत.

एकोणिसावा दिवस

हे अगदी छोटं खापर आहे.

सकाळी गेरा आला. उंबऱ्याबाहेर थांबून त्याने डोक्यावरचं फडकं काढलं. असं तो कधी करत नाही. कापणी कोणत्या शेतापासून सुरू करू, विचारत होता. मी म्हटलं, पुआच्या. तिच्याकडे विळा धरायला कोणी नाही. शम्माला तिच्याकडे लावा, पाय बरा नसला तरी हात बरे आहेत. "आणि एल्यादा?" त्याने विचारलं. म्हटलं, त्याला तुमच्या शेतात घ्या, तुमच्याच शेजारच्या ओळीत. त्याने जरा विचार केला, मान डोलावली आणि गेला. मला वाटलं होतं वाद घालेल.

खाली वेशीत सगळे विळे घेऊन जमलेत. ऊन चढतंय, तरी कोणी हलत नाही. कोणाची वाट बघतायत कोण जाणे. पुआ खालून दोनदा हाक मारून गेली. पाहून येते काय अडलंय ते.